डाव्या बाजूचा आवाज

जमीरला मी तीन हाका मारल्या. तिसऱ्या हाकेला बाहेर गल्लीत बांधलेली शेळीसुद्धा रवंथ करायची थांबली, पण हा गडी ढिम्म. हेडफोन गळ्यात लोंबत होता, म्हणजे कान उघडे होते. शेजारच्या शेडचे माग धडधडत होते हे खरं, पण ते तर रोजचंच. माझी सावली टेबलावर पडली तेव्हा कुठं तो दचकला आणि वळला. नुसती नजर नाही वळवली. खांद्यासकट फिरून उजवा कान माझ्यापुढं आणला.

"बोला आक्का."

मी चहाचा कप ठेवला, भडंगाची ताटली पुढं सरकवली आणि मुद्दाम त्याच्या डाव्या अंगाला जाऊन हळूच म्हणाले, "जमीर, आज चहात मीठ टाकलंय रे."

त्यानं पडद्यावरची नजर न काढता घोट घेतला. "झकास झालाय आक्का."

झालं. मला कळायचं ते कळलं. तसं वळणारं माणूस मी आयुष्यभर शेडमध्ये बघितलं होतं.

शेड म्हणजे आमची इचलकरंजीची. एके काळी चोवीस माग होते तिथं. मालक, म्हणजे माझे यजमान, सूत आणायचं, कापड विकायचं बघायचे. शेड माझ्या ताब्यात. चौथी शिकलेली बाई, पण चोवीस मागांत सूत नेणारा कुठला धोटा अडखळतोय ते मी लांबनं सांगायचे. मालक गेले, माग भंगारात गेले, आणि रिकाम्या शेडमध्ये माझ्या नातीनं, वृषालीनं, गेम बनवायचं काम सुरू केलं. मोबाईलवर, कॉम्प्युटरवर खेळतात ते. ती त्याला स्टुडिओ म्हणायची, मी शेडच म्हणायचे. फरशीवर मागांच्या बोल्टांची भोकं अजून होती, त्यावरच पोरांनी टेबलं मांडली.

पाचजण होते. सगळे आधी पुण्याला एका मोठ्या कंपनीत होते. तिथं म्हणे एका गेमवर चारशे माणसं, आणि प्रत्येकाच्या वाट्याला एकच तुकडा. प्रणोती नावाची पोरगी होती, तिनं सात वर्षं नुसते हात काढले. बंदूक धरलेला हात, चाकू धरलेला हात, दार ढकलणारा हात. "आक्का, माझ्या हातांना कधी माणूसच नव्हता," असं ती म्हणायची. जमीर मिरजेचा. त्यानं नऊ वर्षं दारं करकरवली आणि पावलं वाजवली. गेममधल्या माणसाचा पाय वाळूवर पडला तर कसा वाजेल, लाकडावर कसा, पाण्यात कसा, ते सगळं त्याचं काम.

मी म्हणाले, "म्हणजे तुम्ही नुसत्या सुताच्या कांड्या भरल्या. कापड कुणी बघितलंच न्हाई."

"अगदी बरोबर," वृषाली म्हणाली. "म्हणून तर इथं आलो."

पण इथं येऊन पहिला गेम केला तो त्या कंपनीसारखाच. बंदुका, मोटारसायकली, धूर. तो पडला. कुणी ढुंकून बघितलं नाही. मग हैदराबादच्या एका कंपनीनं सॅम्पल मागितलं: एक रस्ता, त्यावर चालणारी माणसं, हातांची हालचाल, पावलांचे आवाज. पसंत पडलं तर दोन वर्षांचं काम. नाही पडलं तर माझा मुलगा विलास संक्रांतीनंतर शेड सुताच्या गोडाऊनला देणार होता आणि वृषाली परत पुण्याला. तसं तिचं माझ्यादेखत ठरलं होतं. मी तेव्हा "बरं" म्हणाले होते. पण शेडमध्ये परत माणसं येऊन बसल्यापासनं मला सकाळी उठावंसं वाटायला लागलं होतं, हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. सांगायची गरज नव्हती.

तर त्या दिवशी मी जमीरला मनगटाला धरलं आणि अंगणातल्या हौदापाशी नेलं.

"कधीपासनं?"

"काय आक्का?"

"डावा कान. आणि माझ्याशी लबाडी करू नको. तू मिठाचा चहा झकास म्हणून प्यालास."

त्यानं कप हुंगून बघितला. "मीठ होतं?"

"मीठ नव्हतं. पण मी तसं म्हणाले, आणि तुला ऐकू आलं न्हाई."

तो हौदाच्या कडेवर बसला. चौतिसाचा बाप्या, पण तोंड एवढंसं झालं. "गणपतीच्या आधीपासनं. सकाळी उठलो तर कानात शिट्टी वाजत होती. संध्याकाळी शिट्टी गेली, तिच्यामागं कानबी गेला. डॉक्टर म्हणाले, लगेच यायला पाहिजे होतं. मी आठ दिवसांनी गेलतो."

"का?"

"काम होतं आक्का."

"काम! आणि आता?"

"आता परत येणार न्हाई म्हणाले." त्यानं हौदाच्या पाण्यात बोटं बुडवली. "आमचे अब्बा तंबोरे लावतात, मिरजेत. घरी गेलो की तार छेडून विचारतात, बघ रे, झंकार घुमतोय का, जव्हारी बरोबर आलीय का? मी हो म्हणतो. माझ्या हो वर ते तंबोरा गिऱ्हाइकाला देतात. आवाजवाल्याचा कान गेला म्हटल्यावर कोण ठेवून घेईल? वृषालीला सांगू नका. सॅम्पल जाऊ दे, मग मीच सांगतो."

"सांगणार न्हाई. पण काम कसं करतोस?"

"एकेक बाजू उजव्या कानाला लावून ऐकतो. तेवढं जमतं. पण माणूस डावीकडनं उजवीकडं चालत जातो ना, तेव्हा दोन्ही कान एकदम लागतात. तिथं अडतंय."

"मग डावा माझा घे."

"तुमचा?"

"का? म्हातारी झाले म्हणून काय झालं? माझे कान खणखणीत आहेत. बहिरे आमचे मालक होते, मी न्हाई."

मालक बहिरे होते हे अख्ख्या गल्लीला ठाऊक होतं. घरी कोणी आलं की त्यांचं पहिलं वाक्य ठरलेलं: "जरा मोठ्यानं बोला हं, मला कमी ऐकू येतं." पाहुणे बिचारे ओरडून ओरडून घसा बसवून घ्यायचे. मी पाहुण्यांदेखत त्यांना बोलायचे, "कान आहेत का भिंतीचे पोपडे?" ते नुसते हसायचे. घरातसुद्धा माझ्याशी हातानंच बोलायचे, शेडमध्ये बोलतात तसं. चोवीस माग चालू असले की शेजारच्या माणसाच्या कानात ओरडलं तरी कळत नाही, म्हणून आमच्याकडं सगळं बोलणं हाताचं. दोन बोटांची कात्री म्हणजे सूत तुटलं. मूठ फिरवली की कांडी संपली. तळवा खाली म्हणजे जाऊ दे. दुपारी बाराला मालक शेडच्या दारात उभे राहायचे आणि चोवीस मागांवरनं पाची बोटं तोंडाशी न्यायचे: जेवलीस का? मी बहुतेक वेळा कामाच्या धांदलीत असायचे. हात झटकायचे. व्हा पुढं.

दुसऱ्या दिवसापासनं आमचं सुरू झालं. बाकीची मंडळी जेवायला गेली की जमीर नि मी एका हेडफोनात. उजवी वाटी त्याच्या उजव्या कानाला, डावी माझ्या कानाला, मधे दोन डोकी एकमेकांना टेकलेली. माझा पदर त्याच्या खांद्यावर घसरायचा. प्रणोती एकदा विसरलेला डबा न्यायला आली आणि दारातच उभी राहिली.

"आक्का, काय चाललंय?"

"गाणी ऐकतोय. तुला काय करायचंय?"

जमीरनं सांगितलं होतं, दोन्हीकडची पावलं सारखी वाटली की हात आडवा करा. मी शेडच्याच खुणा वापरल्या. बोट वर म्हणजे वाढव. पावलं उजवीकडं त्याला ऐकू यायची, माझ्याकडं यायची तेव्हा मी बोट वर करायचे. अजून. अजून. पडद्यावर दोन हिरव्या पट्ट्या नाचायच्या.

"आक्का, डावी पट्टी लई वर चाललीय," तो माझ्याकडं तोंड वळवून म्हणाला.

"पट्टीला कान आहेत का? मला आहेत."

तो हसला आणि त्यानं आवाज वाढवला. तसा तो हुशार, पण स्वतःच्या कानावरचा विश्वास उडाला की माणूस दुसऱ्याच्या कानावर जरा जास्तच ठेवतो.

त्या पंधरा दिवसांत मी त्याला सगळ्या खुणा शिकवल्या. बाकीच्या वेळी मी मेथी निवडत त्याच्या डाव्या अंगाला बसायचे. त्या बाजूनं कोणी हाक मारली की मी खूण करायचे, आणि तो बरोबर वळायचा. वृषालीला मात्र शंका यायला लागली.

"आज्जी, मघापासनं काय डास मारतेस?"

"तोंड इकडं करून बोल. पडद्याकडं बघून पुटपुटतेस, काही वळण आहे का न्हाई?"

ती लगेच माझ्याकडं वळली. मला तोंड चुकवून बोलणाऱ्याचा पहिल्यापासनं राग. आणि हल्ली सगळेच पुटपुटायला लागलेत; टीव्हीतली माणसंसुद्धा.

सॅम्पल गेलं. मी देवापुढं साखर ठेवली.

पाचव्या दिवशी सकाळी वृषालीनं सगळ्यांना टेबलापाशी बोलावलं. मी चहा घेऊन गेलेच होते. तिचा चेहरा बघून किटली खाली ठेवली.

"परत आलंय," ती म्हणाली. "हात आवडलेत त्यांना. प्रणोती, तुझं कौतुक केलंय. पण आवाज..." तिनं हेडफोन प्रणोतीच्या हातात दिला. "तूच ऐक."

प्रणोतीनं लावला आणि विंचू डसल्यासारखा ओढून काढला. "अगं आई गं! डावीकडं कुणीतरी कानात घण घालतंय."

"त्यांनी विचारलंय, तुमच्याकडं ऐकणारं माणूस आहे का नाही. जमीर, तू ऐकलं होतंस ना?"

जमीर उठून उभा राहिला. त्यानं माझ्याकडं बघितलं नाही. बघणार नाही हे मला ठाऊक होतं.

"न्हाई ऐकलं. मला डाव्या कानानं ऐकू येत न्हाई. गणपतीपासनं."

वृषालीनं प्रणोतीच्या हातातला हेडफोन घेऊन टेबलावर ठेवला.

"मग डावी बाजू कुणी ऐकली?" वृषाली म्हणाली.

"कुणी न्हाई. अंदाजानं केली."

"अंदाजानं? जमीर, चार महिने! एकदा सांगायचं होतंस. मी काहीतरी केलं असतं. तुला वाटलं मी तुला हाकलीन?" तिचा आवाज चिरकला असणार, कारण प्रणोतीनं तिच्या खांद्यावर हात ठेवला. "आपल्या सगळ्यांचं घर होतं रे हे."

मी हेडफोन उचलला. ही पोरं काहीतरी चुकतायत, माझ्या कानांनी जोखलेलं काम होतं ते. दोन्ही वाट्या नीट कानांवर बसवल्या आणि म्हणाले, "लाव."

उजव्या कानात काहीच नव्हतं. मला वाटलं ती बाजू बिघडलीय. डावीकडं मात्र पावलं चालली होती, अगदी बेताची, गोड, जणू कुणी अंगणातनं चालत येतंय. मी मान वर केली, बघा म्हणायला. समोर प्रणोती उभी होती, टेबलाच्या पलीकडं, चांगली चार हात लांब. तिनं दोन्ही हात कानांवर दाबून धरले होते.

हेडफोन माझ्या कानांवर होता, आणि आवाज तिला टोचत होता.

मी तो काढून ठेवला. "दूध गॅसवर आहे," म्हणाले आणि घरात निघून आले. दूध सकाळीच तापवून झालं होतं.

ओट्याला धरून किती वेळ उभी होते कोण जाणे. खिडकीतनं अंगण दिसत होतं. जमीर शेडमधनं बाहेर आला, हातात त्याची पिशवी आणि पावलं वाजवायला आणलेले ते जुने बूट. बूट त्यानं स्कूटरला बांधले. वृषाली दारात उभी होती. तिनं त्याला थांबवलं नाही आणि जा पण म्हणाली नाही.

आमच्या शेडमध्ये एक रिवाज होता. कापड घडी घालताना खोट सापडली की मुकादम कापडाचा तो पन्ना वर धरायचा. ज्याच्या मागावर ती खोट झाली त्यानं छातीवर मूठ ठेवायची: माझ्या मागावर. एवढंच. मग त्याला कुणी ओरडायचं नाही, खोट दुरुस्त करून द्यायची नि विषय संपला. पण ज्यानं मूठ ठेवली नाही आणि नंतर उघडकीला आला, त्याच्याशी शेडमध्ये कुणी हात हलवायचा नाही. त्या आवाजात कुणी हात हलवला नाही म्हणजे माणूस भर गर्दीत एकटा. रिवाज मालकांनी घातला होता, पण तो काटेकोर चालवला मी. एका बाईशी तर मी दोन महिने हात हलवला नव्हता.

मी बाहेर गेले. त्यानं स्कूटरला किक मारली होती. मी पुढच्या चाकापुढं उभी राहिले आणि छातीवर मूठ ठेवली.

तो मान हलवायला लागला. नको. तळवा खाली केला: जाऊ दे.

मी परत मूठ आपटली, बांगड्या हाडाला लागल्या.

"आक्का, नका," तो म्हणाला. त्याचे ओठ मला स्पष्ट दिसले. आणि तेव्हाच ध्यानात आलं, मी ओठच बघतेय. किती वर्षांपासनं मी नुसते ओठच बघतेय.

"आज्जी?" वृषाली अंगणात आली. तिच्यामागं प्रणोती. "काय झालं?"

"हा पोरगा खोटं बोलला," मी म्हणाले. "डावी बाजू मी ऐकली. रोज जेवणाच्या सुट्टीत. हा म्हणत होता पट्टी वर चाललीय, मीच वाढव वाढव केलं. खोट माझ्या मागावरची आहे. मला..." पुढचा शब्द जिभेवर येईना. आयुष्यात मी तो दुसऱ्यांसाठी शंभरदा वापरला होता. "मला ऐकू येत न्हाई."

जमीरनं स्कूटर बंद केली.

मी वृषालीकडं बघत होते. ती दचकेल, तोंडावर हात ठेवेल असं वाटलं होतं. तसं काही झालं नाही. त्याचा मला जास्त राग आला.

"अशी काय बघतेस? तुला काही वाटलं न्हाई?"

ती जवळ आली. बरोबर माझ्या समोर, तोंड उजेडात येईल अशी उभी राहिली. ती नेहमी तशीच उभी राहायची. मी त्याला वळण समजत होते.

"आज्जी, आम्हाला माहीत आहे."

"आम्हाला म्हणजे?"

"सगळ्यांना. बाबांना, आईला, मला. मी पाच वर्षांची होते तेव्हा आजोबांनी मला मांडीवर घेऊन सांगितलं होतं. आज्जीशी समोर उभं राहून बोलायचं, हात करून बोलायचं. आणि तिला कधी म्हणायचं नाही."

"काहीतरी बोलू नको. बहिरे ते होते!"

"आजोबा?" तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि हसूपण आलं. "मी माडीवर पांघरुणात बसून चिंचा खायचे, तर ते खालनं म्हणायचे, चिंचोका गिळू नकोस गं. आज्जी, त्यांच्याइतकं तिखट कान असलेलं माणूस मी बघितलं नाही."

"मग पाहुण्यांना... मोठ्यानं बोला म्हणून..."

"ते कुणासाठी म्हणायचे?"

मी हौदाच्या कडेवर बसले. पदर नीट केला. मालकांना जाऊन नऊ वर्षं झाली होती. भांडायला माणूस जागेवर नव्हता. भिंतीचे पोपडे. पाहुण्यांदेखत. आणि ते हसायचे. माझी खोट त्यांनी स्वतःच्या छातीवर मूठ ठेवून घेतली होती, आणि तीस वर्षं मला पत्ता लागू दिला नव्हता.

जमीर येऊन माझ्या उजव्या अंगाला बसला, त्याचा बंद कान माझ्याकडं. आणि त्यानं हातानं विचारलं: चहा?

मला हसू आलं. रडू नाही, हसू. मी मूठ फिरवली: संपला.

"थांबा थांबा," प्रणोती म्हणाली. ती उकिडवी बसून आमच्या हातांकडं बघत होती. "हे काय केलंत आत्ता? आणि मघाची ती छातीवरची मूठ? परत करा ना, आक्का."

"तो काय खेळ आहे का?"

"करा ना."

मी केली. तिनं खिशातनं कागद काढला. त्या पोरीनं सात वर्षं हात काढले होते, पण तिचं काढणं मी पहिल्यांदाच बघत होते. चार रेघांत माझा हात. बांगडी कुठं रुतते तेसुद्धा. "अजून," ती म्हणाली, आणि मी सूत तुटल्याची कात्री केली, सुताचा बीम संपल्याची केली, मालक आले की बायका एकमेकींना मिशीवर बोट ओढून सांगायच्या ती केली. जमीर मधे मधे मला दुरुस्त करत होता, दीडशहाणा.

वृषाली त्या कागदावर वाकली. मग म्हणाली, "आवाजच नसलेला गेम."

"नाही," जमीर म्हणाला. "आवाज आहे. एवढा आहे की कुणाचं काही ऐकू येत न्हाई. तो आवाज मी करू शकतो. त्याला डावं-उजवं लागत न्हाई."

"आणि बोलायला फक्त हात," प्रणोती म्हणाली.

"बंदूक न धरलेले," वृषाली म्हणाली.

मी उठले. "नऊ वर्षं पावलं, सात वर्षं हात, आणि माझे चाळीस वर्षं माग. कांड्या भरून झाल्या तुमच्या. आता कापड विणा." आणि जमीरला म्हणाले, "ते बूट सोड आधी."

विलासला मी त्याच दिवशी सांगितलं की शेड माझ्या नावावर आहे, गोडाऊनला दुसरीकडं जागा बघ. तो काहीतरी पुटपुटला. मी म्हणाले, समोर तोंड करून बोल, मला ऐकू येत नाही. दुसऱ्यांदा म्हणायला तितकं जड गेलं नाही. हैदराबादला दुरुस्त सॅम्पल पाठवलं, त्यांनी अर्धं काम दिलं. तेवढ्यावर चूल पेटत राहिली.

पुढच्या आठवड्यात जमीर नि मी मिरजेला जाऊन कान तपासून आलो. डॉक्टरनं विचारलं, "किती वर्षं झाली आजी?" मी म्हणाले, "परवापासनं." परत येताना त्याला म्हणाले, आता तुझ्या अब्बांकडं चल. दुकानात तो दारातच घुटमळला, मी ढकलला. त्यानं सांगितलं. म्हाताऱ्यानं ऐकून घेतलं, शिव्या दिल्या नाहीत. तंबोरा पुढं ओढला, पोराचा तळवा धरून भोपळ्यावर ठेवला आणि तार छेडली. "इथं बघ," म्हणाले. "कान नंतर आले बेटा. आधी हात."

गेमला दीड वर्ष लागलं. मला कुणी काही दाखवायचं नाही असं त्यांनी ठरवलं होतं. तयार झाला तेव्हा पहिल्यांदा मला बसवलं, फरशीवर जिथं माझा सात नंबरचा माग होता बरोबर तिथं. डॉक्टरनं दिलेलं ऐकायचं यंत्र कानात होतं. पडद्यावर शेड, चोवीस माग, आणि खाली दोन हात, बांगड्यांचे. ते हात म्हणजे मी. एका बाजूला दारात एक माणूस. गल्लीतली सगळी त्याला बहिरा म्हणतात, तो हसतो. मी कांड्या बदलल्या, सूत सांधलं, खोट सापडली तेव्हा छातीवर मूठ ठेवली. खडखडाट असा की खुर्ची हलत होती.

मग शेवटची पाळी संपली. एकेक माग थांबला. सगळे थांबले, आणि आवाज काही आला नाही. दारातल्या त्या माणसानं खिडकीकडं मान वळवली. तिथं चिमणी होती, चोच उघडमीट करत होती. बाहेर कुणीतरी हाक मारली असावी. त्यानं हात वर करून उत्तर दिलं. सगळं त्याला ऐकू येत होतं. मला काहीच नाही. मी कानातलं यंत्र चाचपलं. नीट होतं. जमीरनं तिथं काही घातलंच नव्हतं.

तो माणूस माझ्याकडं वळला. पाची बोटं तोंडाशी नेली.

जेवलीस का?

पडदा थांबला. खाली दोन बटणं आली, उत्तर द्यायला. वृषाली, प्रणोती, सगळी पोरं मागं उभी होती. मला बटणं दिसेनाशी झाली होती, आणि दिसली असती तरी मी ती दाबली नसती. मी हात उचलला आणि जसा शेडमध्ये उचलायला हवा होता तसा, चोवीस मागांवरनं दिसेल इतका वर नेऊन सांगितलं.

जेवले. तुम्ही?

बटण जमीरनं दाबलं.